खांबाखालच्या गोवऱ्या

शारलुंगच्या खोऱ्यात हिवाळ्याची तीन घरं होती, आणि त्या तिन्ही घरांतल्या माणसांबद्दल युदोनचं मत वाईट होतं. त्यातलं एक घर तिचं स्वतःचं होतं.

पहिल्या घरात तिचा धाकटा दीर समदुप राहायचा. त्याच्याबद्दल ती म्हणायची, "याला चहात लोणी घालायला सांगितलं तर हा लोण्यात चहा घालेल." दुसऱ्या घरातलं म्हातारं जोडपं दिवसभर जपमाळ ओढायचं, त्यांच्याबद्दल तिचं म्हणणं असं, की देवालासुद्धा यांचा कंटाळा आला असेल, म्हणून तो यांना बोलावत नाही. तिसऱ्या, म्हणजे तिच्या घरात आता ती एकटीच होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. तिसऱ्या महिन्यात, नदीवरचा बर्फ आतून पोकळ झालेला असताना, मिठाची पोती लादलेला याक घेऊन तो नदी ओलांडायला निघाला. याक थांबला. नवरा थांबला नाही. त्याच्या मरणावर लोक रडले तेव्हा युदोन म्हणाली, "दोघांतल्या एकाला तरी अक्कल होती." मग ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. याकाला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही.

माणूस कसा आहे हे ओळखायची तिची रीत साधी होती. ती त्याच्या घरच्या गोवऱ्या बघायची. जाड थापलेल्या असल्या तर बाई आळशी. आतून ओल्या राहतात आणि तंबूभर धूर करतात. फार पातळ असल्या तर बाई उथळ; चुलीत टाकल्या की भुर्रकन जळून जातात. कडा फाटलेल्या असल्या तर घरात भांडणं आहेत असं समजायचं. तिच्या स्वतःच्या गोवऱ्या तळहाताएवढ्या, एकसारख्या, पालथ्या वाटीच्या कडेसारख्या गोल. हिवाळी घराच्या मागे तिने त्यांची भिंत रचलेली होती, छातीइतकी उंच, आणि त्या भिंतीकडे ती ज्या नजरेने पाहायची त्या नजरेने तिने माणसाकडे कधी पाहिलं नाही.

थोरली बहीण चोनयी सहा वर्षांपूर्वी जनावरं विकून रस्त्याकडेच्या नव्या वस्तीत राहायला गेली. सरकारने बांधलेली, एका रांगेत, एका रंगाची घरं. युदोन तिला भेटायला एकदाच गेली. परत आल्यावर तिने खोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, "विकतचा कोळसा जाळते. विकतचं दूध पिते. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. दिवसभर खिडकीत बसून मोटारी बघते आणि म्हणते, आता कसं निवांत आहे. निवांत! मेल्यावर निवांतच असतं." आणि मग तिने चहाचा पेला इतक्या जोरात खाली ठेवला की जपमाळवाली म्हातारीसुद्धा क्षणभर थांबली.

खोऱ्याच्या उत्तर बाजूचा, दक्षिणेला तोंड केलेला एक उतार युदोनच्या वाट्याचा होता. दिवसभर तिथे ऊन असायचं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, सगळीकडे जमीन दगडासारखी असताना, तिथे पहिलं गवत डोकं वर काढायचं आणि तिच्या गाभण द्री, म्हणजे याकाच्या माद्या, तिथेच व्यायच्या. तो उतार नसता तर चाळीस जनावरांतल्या दहांनीसुद्धा वसंत ऋतू बघितला नसता. तिच्या सासूची सासूही त्याच उतारावर द्री व्यायला सोडायची.

त्या उताराच्या पायथ्याशी, घरापासून शंभर पावलांवर, पाच उन्हाळ्यांपूर्वी फांग नावाचा प्राध्यापक आला आणि त्याने एक लोखंडी खांब उभा केला.

फांग खालच्या शहरातला. सडपातळ, नाकाचं सालपट निघालेलं, दोन पावलं चालला की धापा टाकणारा. इथली भाषा तो स्वतः शिकला होता आणि चार वर्षांच्या मुलासारखी बोलायचा. सगळे त्याला गेन-ला, म्हणजे मास्तर, म्हणायचे. त्याची विद्यार्थिनी ल्हाक्यी जिल्ह्याच्या गावची, आपल्याच लोकांतली. पण शहरात शिकून आलेली, त्यामुळे प्रत्येक वाक्य जिना उतरल्यासारखं एकेक पायरी खाली येत बोलायची. खांबावर आडवे दांडे होते, दांड्यांवर काचेचे छोटे घुमट होते. काही आभाळाकडे बघत होते, काही जमिनीकडे. खांबाभोवती तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक होतं.

"हा काय बघतो?" युदोनने विचारलं.

फांगने तिला समजावलं. हे आपलं पठार आभाळाच्या अर्ध्या उंचीवर ठेवलेली चूल आहे. खालच्या देशात जमीन तापली तर तळाची हवा तापते. इथली तापली की थेट मधल्या आभाळातली तापते. ती हवा वर चढते, मग तिची जागा भरायला दक्षिणेच्या समुद्रावरून ओली हवा ओढली जाते, आणि तिकडे पावसाळा येतो. त्या वाऱ्याने समुद्राचं पाणीसुद्धा फिरतं. वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून ढकललं जातं, तळाचं थंड पाणी वर येतं. पण इथे वसंतात बर्फ जास्त दिवस राहिला, तर ऊन बर्फावरून परत फिरतं. चूल उशिरा पेटते. म्हणून बर्फ किती दिवस राहतो, जमीन किती ऊन पिते, हे हा खांब बघणार.

युदोनने सगळं ऐकून घेतलं. मग ल्हाक्यीकडे वळून म्हणाली, "पोरी, तंबूत चूल पेटली की दाराच्या फटीतून गार वारा आत घुसतो, हे सांगायला हा इतक्या लांबून धापा टाकत आला?"

ल्हाक्यीने त्याचं भाषांतर केलं नाही.

"आणि खालचे ते भात खाणारे," युदोन म्हणाली, "आमच्या चुलीवर त्यांचा पाऊस शिजतो म्हणतोस ना, गेन-ला? मग सरपण कधी पाठवतात?"

फांग हसला. त्याला वाटलं ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती, ती त्याची किंमत करत होती, आणि ती फार कमी निघाली होती.

खांबाची राखण समदुपकडे गेली. त्याला छातीवर लावायला बिल्ला मिळाला आणि दरमहा पगार सुरू झाला. काम एवढंच: काचेचे घुमट रोज सकाळी पुसायचे, जनावरं आत येऊ द्यायची नाहीत, कचरा टाकू द्यायचा नाही, कुंपणातली जागा स्वच्छ ठेवायची. पहिला उन्हाळा समदुपने बिल्ल्याचा टेंभा मिरवण्यात घालवला. हिवाळा लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सकाळी थंडी असते.

"आचा," तो युदोनला म्हणाला; वहिनीला तो ताईच म्हणायचा. "तू पहाटे उठतेसच. जाता जाता त्या काचांवरून कापड फिरवशील का?"

"आणि तू काय करशील?"

"मी लक्ष ठेवीन."

"गोधडीतून?"

पण ती गेली. काचा पुसल्या, आणि मग कुंपणाच्या आत उभी राहून तिने आजूबाजूला पाहिलं. सपाट जमीन. दिवसभर ऊन. कुत्रं आत येत नाही, शेळी आत येत नाही, याक गोवऱ्या तुडवत नाही. अख्ख्या खोऱ्यात गोवऱ्या वाळवायला याहून चांगली जागा नव्हती, आणि ती एका लोखंडी खांबाला आंदण दिलेली होती. खालच्या लोकांना अशा गोष्टी कळत नाहीत, हे तिला नव्याने पटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने तिथे शेण थापायला सुरुवात केली.

यात आपण काही चुकीचं करतो आहोत असं तिला एकदाही वाटलं नाही. जनावरं आत येऊ देऊ नका, असं सांगितलं होतं. तिने एक कोकरू आत येऊ दिलं नाही. कचरा टाकू नका, असं सांगितलं होतं. शेण हा कचरा आहे असं म्हणणाऱ्याला तिने चुलीजवळ बसू दिलं नसतं. जागा स्वच्छ ठेवा, असं सांगितलं होतं. तिने तर रात्री पडलेला बर्फ रोज पहाटे खराट्याने झाडून कुंपणाबाहेर लोटला, म्हणजे गोवऱ्या भिजू नयेत. समदुपने ते पाहिलं आणि म्हणाला, "छान आवरतेस हं." पाचव्या महिन्यात उन्हाळी तळावर जायच्या आधी ती शेवटची गोवरी उचलायची, जमीन झाडून घ्यायची, आणि फाटक ओढून घ्यायची. फांग यायचा तो सहाव्या महिन्यात. त्याला कुंपणात हिरवं गवत दिसायचं आणि चकचकीत काचा दिसायच्या. तो समदुपच्या पाठीवर थाप मारायचा. समदुप ती थाप घ्यायचा.

असे चार वसंत गेले.

पाचव्या उन्हाळ्यात फांग आला तेव्हा त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या कुरण-कार्यालयाचा एक माणूस होता, बगलेत कागदांची पिशवी घेतलेला. निरोप पाठवून सगळ्यांना उन्हाळी तळावरून खाली बोलावलं. युदोन दूध काढायचं टाकून आली, त्यामुळे आधीच तिच्या कपाळावर आठ्या होत्या. खांबाजवळ सगळे गवतावर बसले. दक्षिणेकडून ढगांचे ढीग चढत होते. दुपारनंतर गारा पडणार हे दिसत होतं.

कार्यालयाच्या माणसाने घसा साफ केला. तो म्हणाला की या उतारावर चार वर्षांत वसंतातला बर्फ टिकलेला नाही. जमीन वेळेआधी उघडी पडते, भयंकर तापते, आतला गोठलेला थर वितळतो. असंच चाललं तर गवताची मुळं सुकतील. म्हणून हा उतार आठ वर्षं चराईला बंद. ज्यांचा उतार आहे त्यांनी जनावरं निम्म्याहून कमी करावीत. ज्यांना करायची नसतील त्यांच्यासाठी रस्त्याकडे घर तयार आहे. उद्या दुपारी अंगठे घेऊ.

म्हाताऱ्याची जपमाळ तेवढी सरकत होती.

"आठ वर्षं," युदोन म्हणाली. "द्री आठ वर्षं पोटात धरून बसतील का वासरं?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, आमा."

"तुला द्री माहीत आहे का? का ती पण कागदावर बघितलीस?" मग ती फांगकडे वळली. "आणि तू रे, गेन-ला. माझ्या उतारावर बर्फ टिकत नाही म्हणतोस? माझ्या सासूच्या सासूपासून या उतारावर वसंतातला बर्फ दहा-दहा दिवस हलत नाही. तुला खालून धापा टाकत येऊन आता मला शिकवायचंय?"

फांगने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याचा युदोनला जास्तच राग आला. त्याने ल्हाक्यीला खूण केली. ल्हाक्यीने मांडीवरचा संगणक उघडून तिच्यासमोर धरला. त्यावर एक रेघ होती, वर जाणारी, खाली येणारी.

"हे बघा आमा. ही रेघ वर असली म्हणजे बर्फ आहे. इथे, दुसऱ्या महिन्यात, रात्री बर्फ पडला. आणि इथे सकाळी आठच्या आत गेला. संपूर्ण. इथे परत. इथे परत. चार वर्षं असंच. पडतो आणि सकाळी नाही. सूर्य नीट वर यायच्या आत नाही. सर म्हणतात असं त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. याच्यावर त्यांनी मोठा लेख लिहिलाय. पठाराची चूल लवकर पेटायला लागलीय, म्हणून दक्षिणेत पाऊस वाढेल, असा अंदाजही..."

"सकाळी आठ," युदोन म्हणाली.

"हो. कधी साडेसात."

युदोनने त्या रेघेकडे पाहिलं. सकाळी साडेसातला ती कुठे असते हे तिला चांगलं ठाऊक होतं. हातात काय असतं तेही ठाऊक होतं. तिने समदुपकडे पाहिलं. समदुप आधीपासूनच तिच्याकडे बघत होता, आणि त्याने बिल्ल्यावर हात ठेवला होता, जणू कुणी तो ओरबाडणार होतं.

वर तळावर जाताना त्याने तिला वाटेत गाठलं.

"आचा, गप्प बस बरं का."

"मी काय बोलले?"

"बोलली नाहीस. पण बोलशील. तुझं तोंड मला माहीत आहे." तो जवळ आला. "तू बोललीस तर काय होईल? ती बाई, जी पाच वर्षं गेन-लाला अडाणी म्हणतेय, तीच त्याच्या यंत्राखाली शेण थापत होती. खोऱ्यात हसतील. जिल्ह्याच्या गावात हसतील. चोनयी आचा हसून हसून मरेल. आणि मला नोकरीवरून काढतील. त्यापेक्षा रस्त्याकडे जाऊ. मला त्यांनी कोपऱ्याचं घर देतो म्हटलंय. तिथे दुकान काढता येईल."

"तुझं दुकान!"

"का? काय वाईट आहे?"

"तू शेवया विकशील आणि त्यात तुझाच अंगठा शिजलेला असेल," ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा उंच नव्हता.

त्या दिवशी गारा पडल्या. युदोन तंबूत बसून होती आणि तिला सगळ्यांचा संताप येत होता. फांगचा, कारण तो इतका शहाणा असून पाच वर्षांत एकदासुद्धा वसंतात आला नाही. थंडीला घाबरून उन्हाळ्यात येतो आणि हिवाळ्याबद्दल लिहितो. समदुपचा, कारण तो समदुप होता. पण त्या दोघांना शिव्या देऊन झाल्यावर तिसरं माणूस उरलं, आणि तिच्यासाठी शिवी सापडेना. चूल पेटते तेव्हा वारा कुठून येतो हे तुला कळलं होतं, ती स्वतःला म्हणाली. हसलीस सुद्धा. आणि मग गेलीस आणि त्याच चुलीच्या तोंडावर चार वर्षं हात ठेवून बसलीस. तुला अक्कल आहे असं सांगत फिरलीस. आपण अडाणी आहोत हे तिला नवऱ्याच्या मरणानेही पटलं नव्हतं, ते एका रेघेने पटवलं.

सकाळी तिने दूध काढलं, लोणी काढायचं राहू दिलं, पाठीवर टोपली घेतली आणि खाली उतरली. हिवाळी घरामागच्या भिंतीतून टोपलीभर गोवऱ्या काढल्या. सगळे जमले होते. कार्यालयाच्या माणसाने कागद पसरले होते आणि शाईची डबी उघडली होती. युदोन कुणाकडे न बघता फाटक उघडून आत गेली आणि गुडघ्यावर बसून जमिनीकडे बघणाऱ्या काचेखाली गोवऱ्या मांडायला लागली. रोजच्या हाताने, एकसारख्या, एकीला एक चिकटून.

"आमा-ला, काय करता?" फांग उठून उभा राहिला.

"चूल पेटवतेय तुझी."

ल्हाक्यी धावत आली. "आमा, तिथे काही ठेवायचं नाही!"

"तुझा तो डबा उघड. आकडे बघ."

"पण..."

"उघड म्हणते ना."

ऊन लख्ख होतं. ल्हाक्यीने संगणक खांबाला जोडला. थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही. मग ल्हाक्यीचे डोळे बारीक झाले. परत जाणारं ऊन निम्म्याने कमी झालं होतं. जमिनीचा पारा चढत होता. चोवीस, अठ्ठावीस, तेहेतीस. तासाभरात एक्केचाळीस. ती आकडे मोठ्याने वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"मी इथे गोवऱ्या वाळवते," युदोन म्हणाली. ती अजून गुडघ्यावरच होती आणि तिने वर पाहिलं नाही. "चार वसंत. रोज. आणि रात्री बर्फ पडला की पहाटे झाडून बाहेर लोटते. आठच्या आत. तू समुद्राला माझं शेण मोजून सांगितलंस, गेन-ला."

म्हाताऱ्याची जपमाळ थांबली. पहिल्यांदा म्हातारी हसली. फिसकन, तोंडावर हात घेऊन. मग म्हातारा. मग कार्यालयाचा माणूससुद्धा तोंड फिरवून हसायला लागला. युदोनचे कान तापले. ती उठली नाही. आता हसून घ्या, तिने मनात म्हटलं, तुम्हालाही जगात काहीतरी काम असायला हवं.

"आचा खोटं बोलते!" समदुप ओरडला. "रोज मी काचा पुसतो. मला दिसलं असतं!"

"कोणत्या घुमटाला तडा गेलाय?" युदोनने विचारलं.

समदुप खांबाकडे वळून घुमट मोजायला लागला.

"मधल्या. खालच्या बाजूने. तिसऱ्या वर्षी गारेने गेला. जा, बघ. कधी बघितलाच नाहीस."

फांग हसला नाही. तो खाली बसला. त्याने एक गोवरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्याचा चेहरा चोळामोळा झालेल्या कागदासारखा झाला होता. "हे एका दिवसाचं झालं," तो अडखळत म्हणाला. "चार वर्षांत... काही चूक असेल, पण सगळीच..."

"ती भिंत बघ माझ्या घरामागची. छातीएवढी. ती सगळी इथे वाळली." मग तिने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याला ऐकायचं नव्हतं. तिला ते ओळखता आलं, कारण काल रात्रभर तिलाही ऐकायचं नव्हतं. "तुझ्या लेखाचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली, आणि हे तिला आयुष्यात कुणाला म्हणावं लागलं नव्हतं म्हणून ते उद्धटच वाटलं. "पण माझा उतार त्यात नको घालूस."

फांगने गोवरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. शेवटी त्याने कार्यालयाच्या माणसाला सांगितलं की चार वर्षांचे आकडे धरू नका.

"म्हणजे उतार चांगला आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. उतार कसा आहे ते आम्ही बघितलेलंच नाही." त्याने गोवरी खाली ठेवली. "एक वसंत नीट मोजू. त्यावर ठरवा."

कार्यालयाच्या माणसाने वैतागून शाईची डबी बंद केली. समदुपचा बिल्ला गेला. त्याने तो युदोनच्या पायाशी टाकला. तिने तो उचलला नाही. जाताना ल्हाक्यी तिच्याजवळ आली. यावेळी ती पायऱ्या उतरत बोलली नाही.

"आमा, एकट्या खांबावर आता माझा भरवसा नाही. बर्फ पडला की मी रोज सकाळी फोन करीन. तुम्ही डोळ्यांनी बघून सांगायचं. खांब एक सांगेल, तुम्ही एक. दोन्ही मी लिहीन."

"माझ्यावर भरवसा? चार वर्षं तुझं वाटोळं केलं मी."

"म्हणूनच," ल्हाक्यी म्हणाली. "तुम्ही कबूल केलंत."

त्या हिवाळ्यात युदोनने गोवऱ्या जुन्या जागी, घरापुढे वाळवल्या. शेळ्यांनी तुडवल्या, कुत्री त्यांच्यावर झोपली. कुंपणात तिने फक्त काचा पुसायला पाय ठेवला, आणि तोही स्वतःच्या आधीच्या पावलांवरच. म्हातारी तिला बघितलं की हसायची. पण उताराबद्दल युदोनला काळजी नव्हती. आता कळेल सगळ्यांना, ती म्हणायची, दहा दिवस हलणार नाही. उताराकडे ती बघायचीसुद्धा नाही. ठाऊक होतं, तर बघायचं कशाला?

दुसऱ्या महिन्यात बर्फ पडला, नडगीइतका. ल्हाक्यीचा फोन आला, युदोनने ऐटीत सांगितलं, "आहे. पांढराशुभ्र. मोज किती मोजायचा ते." दुसऱ्या दिवशी बर्फ होता, पण खाली बसलेला, कडा ओल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खांबाखाली ओली तपकिरी जमीन होती.

पहिल्यांदा तिला वाटलं समदुपने झाडला असावा. पण पावलं तिची एकटीची होती. मग तिने उताराकडे पाहिलं. खरोखरचं पाहिलं, कित्येक वर्षांनी. बर्फ दिसला नाही तर तो जनावरांनी तुडवलेला, वाऱ्याने उडवलेला असेल असं ती इतकी वर्षं मानत आली होती. पण वर, जिथे एक जनावर चढत नाही त्या खडकांखालीही बर्फ नव्हता. सगळा उतार तपकिरी, ओला, उघडा.

एक आशा होती: पुढचा. पंधरा दिवसांनी पुन्हा पडला. हा दोन रात्रीच टिकला.

तिसऱ्यांदा पडला तो गुडघाभर, आणि युदोनला वाटलं हा नक्की राहील. तिसऱ्या सकाळी ती काचा पुसायला गेली तर कुंपणात पांढरं फक्त खांबाच्या सावलीत उरलं होतं. ती घरात गेली, टोपली आणि फावडं घेतलं, आणि मागच्या घळीत उतरली. घळीत ऊन पोचत नाही. तिथे जुना बर्फ होता, कडक, निळसर. तिने टोपली भरली. चार टोपल्यांत काम झालं असतं. काचेखाली पसरायचा, थोपटायचा. रोज पहाटे एकेक टोपली, दहा दिवस. कुणाच्या बापाला कळलं नसतं. खांब आपला खाली बघून मान डोलावणार. उतार राहणार, द्री राहणार, खोरं राहणार. मागच्या वेळी ती अडाणी होती, आता तिला सगळं कळत होतं.

ती फाटकापाशी पोचली आणि तिने कडीवर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. नऊ वाजले होते. ल्हाक्यी वेळेची पक्की होती.

"आमा, खांब म्हणतो बर्फ गेला. खरंच गेला? की कुणी...?"

युदोनने टोपली पाठीवरून उतरवली नाही. बर्फाचं पाणी तिच्या पाठीवरून आत झिरपत होतं.

"कुणी झाडला नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी सांगते ना."

"आणि कुंपणाबाहेर? वर उतारावर?"

"तिथेही नाही. खडकांखालीही नाही."

"आमा, मी हे असंच लिहिलं तर कार्यालय..."

"मला शिकवू नकोस. माझा उतार आहे, मला ठाऊक आहे काय होणार ते."

"मग काय लिहू?"

"गेला असं लिही. तिसऱ्या दिवशी, आपणहून. आणि तुझ्या त्या मास्तरला सांग, पुढच्या वेळी वसंतात ये म्हणावं, आणि डोळे घेऊन ये."

तिने फोन अंगरख्यात खोचला. वर उतारावर सकाळी व्यालेली द्री उभी होती, आणि वासरू चारही पायांवर थरथरत, पडत, पुन्हा उठत होतं, उघड्या जमिनीवर. युदोनने टोपली फाटकाबाहेरच ओतली आणि वासराचं अंग पुसायला वर चढली.